आरशातली अर्धी टाकी

त्याने संगणकाच्या पडद्यावरची टाकी गरकन फिरवली. मागची बाजू रिकामी दिसताच विभागप्रमुख बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, ही अर्धीच आहे."

"दोन्ही बाजू सारख्या आहेत, मॅडम. अर्धी काढायची, उरलेली आरशातली धरायची. काम निम्मं होतं."

"टाकी सारखी आहे हो. तडा कुठे सारखा आहे? तो एकाच बाजूला आहे ना?"

पातळ पत्र्याच्या टाक्यांना गेलेले तडे पुढे कसे वाढतील, हे संगणकावर मांडण्यात त्याची हयात गेली होती. आणि चूक अशी, की शिकाऊ माणसानेही जीभ चावावी. त्याने एका अर्ध्यात तडा घातला, तसा संगणकाने आरशातल्या अर्ध्यातही घातला होता. दोन्हीकडून सारखीच ओढ, म्हणून टाकी ताठ उभी राहिली आणि तो 'धोका नाही' असं लिहून मोकळा झाला होता.

बाई गेल्यावर त्याने अख्खी टाकी मांडली. तडा एकीकडेच ठेवला. टाकी हळूहळू कलली, पत्रा चुरगळला आणि तडा थेट तळापर्यंत गेला. कारखान्यातली टाकी आजच रिकामी करा, चूक माझी, असं त्याने बाईंना कळवून टाकलं आणि उठला.

घरी बायको बॅग भरत होती. ती भावाकडे निघाली होती. परतायचं काही ठरलेलं नव्हतं. आजारात मुलगी गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून घरात तिचा विषय निघाला नव्हता. बोलून खपली काढायची कशाला? त्याला नको होतं, म्हणजे बायकोलाही नकोच असणार. फोटो त्यानेच भिंतीवरून उतरवून कपाटात ठेवला होता. ती काही बोलली नव्हती. आमच्या दोघांचं दुःख सारखंच, असं तो भेटायला येणाऱ्यांना सांगायचाही.

आज बूट न काढताच तो दारात उभा राहिला.

"तुला तिच्याबद्दल बोलायचं होतं का गं? इतके दिवस?"

चेन ओढता ओढता तिचा हात थांबला.

"सारखं," ती म्हणाली. "तू एकदा तरी तिचं नाव घेशील म्हणून वाट बघत बसले. तू तर फोटोसुद्धा काढून ठेवलास."

"मला वाटलं, तुलाही नको असेल."

"तुला कोणी सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. त्याने विचारलंही नव्हतं. लाजेने त्याला मान वर करवेना.

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. ती बॅग उचलून दाराशी आली. तो बाजूला सरला नाही.

मग त्याने मुलीचं नाव घेतलं. तोंडाला सवय राहिली नव्हती. अर्धं घशातच अडकलं.

हॉर्न पुन्हा वाजला.

"अख्खं घे," ती म्हणाली. बॅग मात्र तिच्या हातातच होती.