वेल्डनची खानेसुमारी

आमचं वेल्डन हे चोरीच्या कागदांवर उभं राहिलेलं गाव आहे, आणि आम्हाला त्याची जराही लाज वाटत नाही. एकशे पस्तीस वर्षांपूर्वी काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, कचेरी शेजारच्या क्लेमेंट गावात होती. जानेवारीतल्या एका रविवारी क्लेमेंटची माणसं चर्चमध्ये डोळे मिटून बसली असताना आमच्या पणजोबांनी दोन घोडागाड्या नेल्या, जमिनीच्या नोंदींची झाडून सगळी दप्तरं भरली आणि इकडे आणली. दप्तर जिथे, काउंटीचं मुख्य गाव तिथे. आज क्लेमेंटमध्ये एक धान्याचं कोठार आहे आणि त्यावर कबुतरं. आमची रेल्वे गेली, शाळा गेली, तरी कचेरी आहे. आणि वेशीवर पाटी आहे: वेल्डन, लोकसंख्या २८८.

त्या २८८ मधली शेवटची म्हणजे आर्डिस कोल्ब.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत पाटीवर २८७ होते. आर्डिस पन्नास वर्षं ओमाहा शहरात शिक्षिकेची नोकरी करून परत आली, तेव्हा आमचे महापौर ऑरिन पेशेक स्वतः शिडीवर चढले आणि साताचा आठ केला. खाली बायका कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, घेऊन उभ्या. मी बहात्तर वर्षं या गावात काढली, माझ्यासाठी कुणी ब्रश हातात घेतला नाही. जाऊन परत येणाऱ्याचं कौतुक. राहणारा काय, भिंतीसारखा असतोच.

शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. ती गेली तरी तिची पत्रं आमच्या घरी येत राहिली. ती पत्रं मला कोण वाचून दाखवायचं? माझी आई. "बघ व्हर्ला, किती सुरेख लिहिते पोर," म्हणायची. मी आईच्याच स्वयंपाकघरात तिच्याच बशा पुसत उभी असायचे.

माझं म्हणाल तर माझ्याकडे एक पेटी होती. एकेचाळीस वर्षं मी कचेरीत काउंटरमागे बसले. सरकार दहा वर्षांनी एकदा माणसं मोजतं, तेवढ्यात इथे अर्धी गल्ली रिकामी होते. म्हणून मी चिठ्ठ्या ठेवायला लागले. जो काउंटरसमोर आला त्याची एक चिठ्ठी: नाव, जन्म, कुठून आला. मूल झालं की नवी चिठ्ठी. कुणी गेलं, गावातून किंवा जगातून, की त्याची चिठ्ठी दुसऱ्या खोक्यात. ऑरिन पाटी रंगवतात ती मला आकडा विचारूनच. गावाला एकशे पस्तीस वर्षं झाली म्हणून पुस्तक निघणार होतं. त्यातलं 'इतिहास आणि लोकसंख्या' हे प्रकरण माझं, असं मी धरूनच चालले होते.

मार्चमध्ये ऑरिन दारात आले. टोपी हातात घेतली, तेव्हाच मला कळलं.

"व्हर्ला, तुमच्याइतकी माहिती कुणाला नाही, हे सगळेच म्हणतात."

"पण?"

"पण लिहायला आर्डिस बरी, असं पुस्तकाच्या कमिटीचं मत पडलं. तिची भाषा... तुम्ही फक्त ती पेटी द्या तिला."

"फक्त पेटी."

"शेवटी आजच्या सगळ्या रहिवाशांची यादी द्यायची आहे. ती तुमच्या चिठ्ठ्यांवरूनच होईल की!"

म्हणजे कष्ट माझे आणि नाव तिचं. दळण मी दळायचं, पोळी तिने वाढायची. मी ऑरिनना कॉफीसुद्धा विचारली नाही.

पेटी दिली मी. पण देण्याआधी 'को' अक्षरापाशी बोट थांबलं आणि आर्डिसची चिठ्ठी मी काढून घेतली. हिला दुसऱ्याचं आयतं उतरवून घ्यायचंय ना? घेऊ दे. पुस्तक छापून आलं की सगळं गाव हसेल. बाई शहाणी, गावाची यादी केली आणि स्वतःलाच विसरली! चोरीच म्हणा हवं तर. आमच्या रक्तातच आहे ती.

मे महिन्यातल्या एका रविवारी चर्चच्या तळघरात सगळे आपापला पदार्थ घेऊन जेवायला जमले. छापायला देण्याआधी आर्डिस प्रकरण वाचून दाखवणार होती. मी चिठ्ठी कोटाच्या खिशात ठेवली होती आणि हातही तिथेच होता. तिचं नाव गळलेलं ऐकताना ती मुठीत असावी, एवढीच इच्छा.

आर्डिस उठली. चोरीची गोष्ट तिने अशी सांगितली की म्हातारा एमेट हसून हसून खोकायला लागला. चांगलं लिहिलं होतं. ते ऐकताना मला ती जास्तच नकोशी झाली.

मग तिने पेटी टेबलावर ठेवली.

"या पेटीत दोनशे सत्याऐंशी चिठ्ठ्या आहेत," ती म्हणाली. "पाटीवर दोनशे अठ्ठ्याऐंशी. म्हटलं माझंच चुकलं. मग घरोघरी हिंडले, दोनदा. माणसं दोनशे एकोणनव्वद."

"व्हर्लाचा आकडा चुकला?" मागून कुणीतरी म्हणालं. "शक्यच नाही!"

"दोन चिठ्ठ्या नाहीत. एक माझी, पडली असेल कुठेतरी. दुसरी..." तिने माझ्याकडे पाहिलं. "व्हर्ला, तू सगळं गाव मोजलंस. तुझी चिठ्ठी कुठेय?"

माझी चिठ्ठी नव्हती. कधीच नव्हती. काउंटरसमोर जो आला त्याची चिठ्ठी, आणि मी तर जन्मभर काउंटरच्या मागे.

आर्डिसने एक नवी चिठ्ठी काढून वाचली. तिच्या त्या सुरेख अक्षरात. "व्हर्ला ड्वोराक. जन्म वेल्डन. कुठून आली: इथलीच. गाव सोडलं: कधीच नाही." आणि ती पेटीत घातली. ऑरिन तिथल्या तिथे म्हणाले, "उद्या शिडी काढतो. नऊ करतो."

टाळ्या वाजल्या. पन्नास वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं, आणि तेही हिच्या हातून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते कशाचं, हे मी कुणाला सांगणार नाही.

जेवणं झाल्यावर ती बशा गोळा करत माझ्यापाशी आली. मी खिशातून चिठ्ठी काढून तिच्या पुढे धरली.

"ही घे. तुझी. आत्ता जिन्यात पडलेली दिसली मला."

आर्डिसने ती घेतली. अंगठ्याने वरून हळूच चाचपली.

"जिन्यात," ती म्हणाली. "गरम आहे गं अजून."

आणि तिने ती पेटीत, माझ्या चिठ्ठीला लागून ठेवली.