गुरुलिंगअप्पाची विभूती

उदगीरच्या मोंढ्यात गुरुलिंगअप्पाचं दुकान. तुरटी, नवसागर, मोरचूद, टाकणखार, गेरू, चुना, हळद-कुंकू, जगातली सगळी खडी-माती त्याच्याकडं. टँकरचं गढूळ पाणी निवळायचं तर तुरटी घ्या, भांड्याला कल्हई करायची तर नवसागर. माल अस्सल की भेसळ, अप्पा नुसता वास घेऊन सांगायचा. "मला कोण फसवतंय?" म्हणून मिशीला पीळ! फसवणाऱ्याला कोण फसवणार म्हणा.

त्या साली लातूर नवा जिल्हा झाला. लोक म्हणायचे, "जिल्हा आला अन् पाऊस गेला." गुरं छावणीत गेली, शेण मिळेना. शेण नाही तर गोवरी नाही, गोवरी नाही तर विभूती कशाची करणार? अन् लिंगायताच्या घरी भस्मावाचून दिवस उगवतो का कधी? पुसाच्या महिन्यात अप्पानं खडूची पूड भिजवली, वडी घट्ट व्हावी म्हणून चुना घातला अन् वड्या थापून विकायला मांडल्या. कपाळालाच तर लावायची, खायची थोडीच हाय! बायको शिवम्मा म्हणाली, "अवो, देवाला तरी भ्या." ऐकतोय कोण.

उन्हाळ्यात मन्मथच्या लेकीचं, महानंदाचं लग्न निघालं. मन्मथ म्हणजे अप्पाचा लहानपणापासूनचा दोस्त. पोरगी हळदीनं माखून पाटावर बसलेली. लग्न लावणाऱ्या स्वामींनी अप्पाच्या दुकानातली वडी पाण्यात उगाळली अन् तिच्या कपाळावर तीन बोटं ओढली. पांढरे पट्टे बघता बघता लाल झाले, रक्तासारखे.

नवरदेवाची आत्या कमलम्मा किंचाळली, "अगं बया! शिवानं भस्म नाकारलं हिचं! पोरीतच खोट हाय. ऊठ रे बाळा पाटावरनं!"

नवरदेव उठला. महानंदा तशीच बसून राहिली.

हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे तीस वर्षं दोन्ही विकणाऱ्या अप्पाला कुणी सांगायचं? गप्प बसावं तर पोरगी जन्माची डागाळणार, बोलावं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं त्याला झालं. तरी तो उठला.

"पोरीत खोट न्हाई, माझ्यात हाय," तो म्हणाला. "पुसापासून विभूती म्हणून खडू अन् चुना विकायलोय मी."

त्यानं चिमूटभर हळद तळहातावर घेतली, त्यावर ओली वडी घासली. तळहात लालभडक झाला. तो त्यानं अख्ख्या मांडवाला दाखवला.

कुणीतरी थुंकलं. कमलम्मा मुकाट खाली बसली. स्वामींनी पोरीचं कपाळ पुसून आपल्या झोळीतलं भस्म लावलं. नवरदेव पाटावर बसला, वाजंत्री सुरू झाली.

अप्पा मांडवाबाहेर येऊन चपला शोधू लागला. मागनं मन्मथ आला. आता हा थोबाडीत देणार, असं अप्पाला वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं.

"पुसापासून म्हणलास न्हवं?" मन्मथनं हळूच विचारलं. "माझी माय माघात गेली, तिला समाधी दिली. खड्ड्यात तिच्या भोवती पाटीभर विभूतीच्या वड्या रचल्या. तूच आणल्या होत्यास. 'मायसाठी पैसं घेऊ व्हय?' म्हणालास. त्या कशाच्या होत्या रं, गुरुलिंगा?"