पाय टेकवायचा दिवस

थोरल्याने खुर्चीत बसल्या बसल्या पाय उचलला. घोट्याला बांधलेली वाळूची पिशवी लोंबकळत वर आली, गुडघा सरळ झाला आणि टाच हवेत थरथरत थांबली. आई समोर जमिनीवर बसली होती.

"आणखी थोडा," ती म्हणाली, टाचेकडे बघत.

अपघातानंतर ती त्याच्याशी बोलायची ती अशीच, त्याच्या पायाशी. दोघे भाऊ फरशी बसवायच्या कामावरून परतत होते. स्कूटर थोरला चालवत होता, धाकटा मागे बसला होता. वळणावर पुढच्या टेम्पोला ओलांडायची घाई नडली. थोरल्याच्या गुडघ्यावर निभावलं. धाकटा जागीच गेला.

आईने थोरल्याला बोल लावला नाही. जेवणखाण, गोळ्या, अंघोळ, कशात म्हणून कसूर केली नाही. शेजारणी म्हणायच्या, आईचं काळीज असावं तर असं. ती खाली मान घालून शिलाई मशीनवर बसायची आणि लोकांच्या झिजलेल्या कॉलरी उलटवून द्यायची.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी पिशवी सोडली आणि त्याची मांडी चाचपून पाहिली.

"बसल्या जागी तुमचा मुलगा पहिला नंबर काढेल. पण खुर्चीतून पाय हलवत कुणी जिना चढलेलं मी पाहिलं नाही. आज पाय टेकवायचा."

थोरल्याच्या पायाची बोटं आखडली. आईला तेवढंच दिसलं.

"चाललंय त्यात काय वाईट आहे?" तिने विचारलं.

"वाईट काही नाही, मावशी. तेही करायचंच. पण पाय हवेत असला की गुडघा एकटाच राबतो. ताकद येते, सोबतीची सवय लागत नाही. तळवा जमिनीला टेकला, अंगाचं वजन आलं, की घोटा, गुडघा, खुबा सगळे एका साखळीत येतात. एक वाकला की बाकीच्यांना वाकावंच लागतं. चालणं त्यातून येतं."

त्यांनी थोरल्याला उभं केलं आणि आईला त्याच्यासमोर.

"याचे हात धरा. खाली बघू नका दोघंही, तोल जातो. एकमेकांकडे बघा."

"भिंत धरली तर नाही चालणार?"

"पडणाऱ्याला भिंत सावरत नाही, मावशी."

आईने हात पुढे केले आणि मान वर केली. त्याची गालफडं बसली होती, दाढी वाढली होती. भुवया धाकट्यासारख्याच, मध्ये जुळलेल्या. तो तिच्याकडे बघत होता. केव्हापासून बघत होता कोण जाणे.

"आता हळूहळू वाका. बसायला निघाल्यासारखं. अर्ध्यावर थांबा."

तो वाकू लागला. त्याचा भार तिच्या हातांत उतरला, मग खांद्यांत, मग कमरेत. त्याचा गुडघा लटपटला तसे तिचेही पाय हलले.

"आई," तो अगदी हळू म्हणाला.

तिने बोटं उघडली.

त्याने तिला धरायला हात पुढे केला नाही. तो कुशीवर कलला. ताईंनी झेप घेऊन त्याच्या कमरेला विळखा घातला आणि त्याला कसंबसं खुर्चीत ढकललं. दात ओठांत रुतवून त्याने कळ गिळली.

"काय झालं?" ताईंचा आवाज चढला. "हात सुटले कसे?"

आईचे हात अजून तसेच पुढे होते, बोटं उघडी.

"माझ्या हातांना घाम आला होता," थोरला म्हणाला. "निसटले."

"मग आधी सांगायचं नाही का? मावशी, टॉवेल आणा. पुसा बरं ते हात."

आईने टॉवेल आणला. खुर्चीसमोर गुडघे टेकून तिने त्याचे हात मांडीवर घेतले. तळवे कोरडे ठणठणीत होते. रेघांमध्ये सिमेंट अजून बसलेलं होतं.

तिने एक हात पुसला. मग दुसरा. बोटांच्या बेचक्यांतूनही टॉवेल फिरवला. सावकाश, पाणी टिपावं तसा. तोही पुसू देत राहिला.

"झाले कोरडे?" ताईंनी विचारलं.

"झाले," आई म्हणाली.

टॉवेल खांद्यावर टाकून ती उठली. या खेपेस तिने त्याचे तळवे धरले नाहीत. दोन्ही मनगटं धरली, घट्ट.

"ऊठ," ती म्हणाली.