एका काडीत पेटणारं लाकूड

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा नियम. म्हणून टेमघरच्या सासरहून मी अंजूरला आले आणि मुलगी झाल्यावर इथेच राहिले. सव्वा महिना शेक-शेगडी करून, माझ्या अंगावर मूठभर मांस चढवून मगच आई मला परत पाठवणार होती. माझ्या आईने, जानकीबाईने केलेलं बाळंतपण म्हणजे गावात नाव. तिच्या हाताखालून गेलेल्या बाईची कंबर कधी दुखत नाही म्हणतात.

पण माहेर आता पूर्वीचं राहिलेलं नाही. घराच्या मागे आमची भातशेती होती, तिथे आता पत्र्याचं लांबलचक गोडाऊन उभं आहे. जमीन आमचीच, भाडंही येतं, पण आत काय आहे ते बाबांनाही धड माहीत नाही. निळे ड्रम येतात, निळे ड्रम जातात. रस्त्यापलीकडे कापड रंगवणाऱ्या एका डाइंगच्या कारखान्याची चिमणी. संध्याकाळी वारा फिरला की घशात खवखव सुरू होते आणि दोरीवरच्या दुपट्यांवर काळे कण बसतात. एवढीशी पोर, तिचं अजून बारसंही नव्हतं झालं, ती हेच आत ओढत होती ना?

तिला खोकला लागला तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. "खिडक्या लावा, दारं लावा!" माझा नवरा कुणाल रविवारी आला तो पॅकिंगची टेप घेऊनच. त्याने बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीची फट न् फट चिकटवली. दाराखालच्या फटीत आईने जुनी गोधडी कोंबली. मुंगी आत आली असती तर तिलाही विचारून यावं लागलं असतं.

दोन दिवसांनी पोरीचा श्वास अडकला.

तिन्हीसांजेची वेळ होती. बरगड्यांच्या खाली दर श्वासाला खड्डा पडत होता, ओठ जांभळट झाले होते आणि रडण्याचा नुसता आव होता, आवाज नव्हता. रिक्षात बसून भिवंडीला जाईपर्यंत मी तिच्या नाकापुढे बोट धरून होते. ट्रेलरच्या मागे रिक्षा अडकली की मी ओरडायचे, "भैया, निकालो ना गाडी!" आणि तो बिचारा म्हणायचा, "उडाऊँ क्या, दीदी?" इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. बाळंतपणाच्या कळा परवडल्या.

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला, वाफ दिली. डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी विचारलं, "घरात कुणी विडी-सिगरेट ओढतं? धूर होतो?"

"न्हाय वो," आई छातीवर हात ठेवून म्हणाली. "सगल्या खिडक्या बंद हायेत. धुराला आमी आतच येऊ देत न्हाय."

ती खोटं बोलत नव्हती. मीही मान डोलावली.

दवाखान्यात पोर दोन दिवसांत टवटवीत झाली. दूध प्यायली, जांभया दिल्या, माझं बोट धरून झोपली. घरी आलो, आणि दुसऱ्या संध्याकाळी तिचा घसा पुन्हा घरघरू लागला. मी बाबांवर भडकले. "तुमच्या गोडाऊनवाल्याला सांगा काहीतरी! नातीचा जीव जायची वाट बघताय का?"

आमचे बाबा, काळूराम, म्हणजे आवाजाने वाघ. बाह्या सरसावून गेले. गोडाऊनमधल्या माणसाला शिव्या घालून अर्ध्या तासात परत आले, तेही डोक्यावर मोडक्या पॅलेटच्या फळ्यांचा भारा घेऊन. ड्रम ज्यांच्यावर ठेवतात, त्याच त्या फळ्या. गोडाऊन झाल्यापासून आमच्याकडे जळणाला त्याच येतात.

"तुम्ही भांडायला गेला होतात की लाकडं आणायला?"

"भांडलो ना! तवाच त्यानी दिली," बाबा म्हणाले. "फुकट ते पौष्टिक. आन् बघ, याला रॉकेल लागत न्हाय. एका काडीत पेटतंय. असा लाकूड इकत मिलत न्हाय."

आईने त्यातल्या दोन फळ्या मोरीत नेल्या. बाळंतिणीच्या शेगडीत मळकं लाकूड घालायचं नाही, ही तिची शिस्त. तिने त्या घासून धुतल्या, फोडल्या आणि मग तिला खोकल्याची उबळ आली म्हणून भिंतीला टेकून उभी राहिली. आईचा खोकला ही आमच्या घरची बेल. ती कुठल्या खोलीत आहे ते त्यावरून कळतं.

मी बाजेवर पडले होते, पोर कुशीत. रोज याच वेळेला आई बाजेखाली शेगडी सरकवायची. आधी मला शेक, मग ओवा आणि बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकून पोरीला धुरी. हे औषध. याला धूर कोण म्हणतं? माझ्या आजीने आईला दिलं, आईने मला. त्या उबेत मला दिवसभरात पहिल्यांदा बरं वाटायचं, म्हणून त्या वेळेची मी वाटही बघायचे.

आईने शेगडीत ढलप्या रचल्या. त्यांच्यातून अजून मोरीचं पाणी ठिबकत होतं. तिने काडी ओढली आणि लावली.

लाकूड भप्पकन पेटलं.

मी बघत राहिले. चुलीपुढे मीही वाढलेय. ओलं लाकूड कसं रडवतं ते मला ठाऊक आहे. फुंकून फुंकून डोळे जातात, तरी नुसतं धुमसत राहतं. आणि हे, पाणी गळत असलेलं, एका काडीत पेटलं होतं. ज्वाळेची कड हिरवी होती. तेवढ्यात तो वास आला, गोडसर आणि घसा खरवडणारा. कारखान्याचा म्हणून महिनाभर मी ज्याला शिव्या घातल्या, तो हाच वास होता. खिडकीला टेप होती, दाराखाली गोधडी होती आणि वास माझ्याच शेगडीतून येत होता.

पोरीने एकदा खोकून पाहिलं, मग तिच्या बरगड्यांखाली तो खड्डा पडला.

"आई, शेगडी काढ!"

"आगो, आता तर कुठं..."

"काढ म्हणते ना! विष आहे ते! आपणच घालतोय तिला!"

आईला समजेना. ती हातात ओव्याची चिमूट धरून तशीच उभी. मी पोरीला उचललं, दाराखालची गोधडी लाथेने उडवली आणि अनवाणी अंगणात धावले. समोर चिमणी धूर ओकत होती, मागे गोडाऊनमध्ये ट्रक मागे घेत होते. ज्या हवेला मी आठवडाभर दाराबाहेर कोंडलं होतं, त्याच हवेत मी माझ्या लेकीला उंच धरलं आणि ओरडले, "श्वास घे गं बाय, श्वास घे!"

बाबांनी रिक्षा आणली. वाटेत कशीबशी ती रडली. तो आवाज ऐकून मीही रडले. पण भीती गेली की राग येतो. सगळा राग मी आईवर काढला. "डॉक्टरांनी विचारलं होतं ना धूर होतो का? कोणाला अक्कल नाही घरात! कसली लाकडं आहेत, ड्रममधल्या कशाकशात भिजलेली आहेत, बघावं तरी!" मान डोलावणारी मीही होते, पण ते मी बोलले नाही. ओव्याची चिमूट अजून आईच्या मुठीतच होती.

दवाखान्यात पुन्हा वाफ, पुन्हा ऑक्सिजन. पोर हळूहळू गुलाबी झाली. मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं, लक्षात आलं. त्या घरात तिला परत नेऊ नका. लवकर कळलंय, ती सावरेल." माझा जीव भांड्यात पडला. बाबांनी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एकदा पोरीच्या छातीला तपासायची नळी लावली आणि मान वर केली.

"बाहेर कोण खोकतंय?"

"आई आहे माझी," मी म्हणाले. "तिचा नेहमीचाच आहे तो."

"कधीपासून?"

"गोडाऊन झालं तेव्हापा..."

रोज पहाटे बंबात ती लाकडं आईच घालते. चूल तीच फुंकते. माझी शेगडीही तिनेच पेटवली, वाकून, तोंड अगदी जवळ नेऊन.

आईला आत बोलावलं. ती दारातच थांबली. "मना काय झाला? पोरीला बघा आधी."

"तिला बघितलं. या, बसा." डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवर नळी ठेवली. "मोठा श्वास घ्या, मावशी."

आईने घेतला. तो अर्ध्यातच मोडला.

"आणखी मोठा."

आईने माझ्याकडे पाहिलं, ओशाळल्यासारखं, आणि म्हणाली, "येवढाच येतो गो, बाय."