राघोआज्याचं आवताण

ब्लड कॅन्सर झाल्यापासून मी भलताच विनोदी झालो आहे. हे माझं मत नाही, गावाचं आहे. "जरा पाणी द्या" म्हटलं तरी चारजण खदाखदा हसतात आणि पाचवी बाई पदर डोळ्याला लावते. भिवंडी तालुक्यातले हळदीचे मांडव आणि क्रिकेटची मैदानं मी वर्षानुवर्षं माइकवर विनोद आणि कॉमेंट्री करून राखली, तेव्हा यातलेच निम्मे लोक माझ्याकडे पाठ करून चखणा खात बसायचे. आता औषधांनी तोंड सुजलंय, डोक्यावर केस नाहीत, भुवयाही गेल्या, आणि आत्ता कुठे त्यांना मी कळायला लागलोय.

भेटायला येणाऱ्यांचा तर मला मनापासून तिटकारा आलाय. एक पपईच्या पानांचा रस घेऊन येतो, दुसरा गव्हांकुर. तिसऱ्याच्या साडूच्या मेहुण्याला हेच झालेलं असतं, आणि "तो बिचारा" इथपर्यंत आल्यावर त्याला आठवतं की आपण कोणासमोर बसलोय. मग तो घाईघाईने म्हणतो, "पण मितेश, तू फायटर आहेस." मी कसला फायटर? मी पडून राहतो आणि सुया घेतो. खरी मारामारी माझी बायको मृणाली करते, दारात सॅनिटायझरची बाटली धरून.

मुंबईच्या इस्पितळात सारखं जावं लागतं. हाताला कायमची नळी लावलीय, मधूनमधून पाठीच्या मणक्यात सुई टोचतात. मध्यंतरी केमोने तोंडभर फोड आले. बोलून पोट भरणाऱ्या माणसाच्या जिभेवर फोड यावेत, याला काय म्हणावं? बाटली थेंबथेंब उतरत असायची आणि मी तोंड मिटून मनातल्या मनात विनोद घासत बसायचो. शेवटचा शब्द कुठे ठेवायचा, श्वास कुठे घ्यायचा, हेच चाललेलं. त्या दिवसांत एक चांगला सापडला. आमच्याकडचे लोक माझ्या पांढऱ्या पेशींचा आकडा गुंठ्याच्या भावासारखा विचारतात. "किती झाला? खाली आला? मग थांब, इतक्यात विकू नको."

माझा नवा विनोद पहिल्यांदा नेहमी आक्कासमोर जातो. आक्का म्हणजे माझी आत्या. आमच्या मागच्या पडवीत ती निवटे, खाडीच्या चिखलातले मासे, साफ करत बसते आणि मी समोर पाट घेऊन बसतो. ती धवलारीण आहे. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात ती गाऊन देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना मांडवात बोलावते, भटजीने तोवर गप्प बसायचं. असल्या बाईला हसवणं सोपं नाही. विनोद ऐकून झाला की मान वर न करता ती म्हणायची, "फालतू." वर्षातून एखाद्या वेळी ती तोंड फिरवायची आणि तिचा खांदा हलायचा. तेवढा खांदा हलला की तो विनोद मी बेधडक बाजारात काढायचो.

गुंठ्याचा विनोद सांगितला तर ती "किती झाला?" वरच हसली. पुढचा राहिलाच होता. तोंड उघडून, उरलेले सगळे दात दाखवून हसली.

"आक्का, संपला नाय अजून."

"लय भारी हाय रं पोरा," म्हणून तिने पुन्हा हसून दाखवलं.

खरं हसू शेवटच्या शब्दानंतर येतं, एक श्वास उशिरा. दयेचं हसू आधीच येऊन बसलेलं असतं. गावाचं मी समजू शकत होतो, गावाला अक्कल कधी होती? पण आक्कासुद्धा खोटं हसायला लागली, तर मला अजून विनोद जमतो की मी नुसताच आजारी आहे, हे मला सांगणार कोण? मरणाची भीती मला वाटतच होती, रोज वाटत होती. पण तोपर्यंत लोकांनी गोंजारायचा गोळा होऊन जगायचं, याची त्याहून जास्त.

त्यात कुणालशेठला माझा पुळका आला. बापजाद्यांच्या भातखाचरांवर गोदामं बांधून भाडं खाणारा माणूस, वाढदिवसाला स्वतःच स्वतःचे बॅनर लावतो. त्याने खारबावच्या बाजूला मैदान घेतलं आणि टेनिस क्रिकेटची स्पर्धा जाहीर केली, "मितेश चषक". आमच्याकडे माणूस मेल्याशिवाय त्याच्या नावाचा चषक निघत नाही. बॅनर छापणाऱ्याने सवयीने "मितेश स्मृती चषक" छापलं, आणि शेठसकट बॅनरवर झळकणाऱ्या चाळीस शुभेच्छुकांपैकी एकालाही ते दिसलं नाही. सगळे आपापला फोटो बघत होते. शेवटी मृणालीने आरडाओरडा केला तेव्हा "स्मृती"वर पांढरी चिकटपट्टी मारली. ऊन वर आलं की पट्टीखालून अक्षरं स्पष्ट दिसायची.

आकडे बरे होते म्हणून डॉक्टरांनी मोकळ्या मैदानात तासभर मास्क लावून बसायला परवानगी दिली. शेठने मला स्टेजवर सोफ्यात बसवलं, शाल घातली आणि माइकवर गहिवरून घेतलं. मी म्हटलं, "माइक द्या, एक ओव्हर मी बोलतो."

तिसऱ्याच चेंडूला झेल उडाला. असला चेंडू म्हणजे माझं हक्काचं गिऱ्हाईक. मी सुरू केलं, "बॉल हवेत गेलाय... खाली तीन फिल्डर... तिघांच्याही जमिनी गोदामाला गेल्यात... आता वाकणार कोण?"

"बॉल हवेत गेलाय" यालाच लोक हसले. टाळ्या पडल्या. "वाकणार कोण" कोणी ऐकलंसुद्धा नाही. हाच विनोद मी दोन वर्षांपूर्वी केला होता, तेव्हा एक फिल्डर स्टंप उपटून माझ्यामागे धावला होता. आज तोच फिल्डर छातीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होता. मेल्या, धाव ना!

मग मी मुद्दाम परीक्षा घेतली. कॉमेंट्रीच्या चढ्या आवाजात सांगितलं, "आज सकाळी मी दोन इडल्या खाल्ल्या!" मैदान हसलं. "चटणी नव्हती!" शिट्ट्या. कुणालशेठ चष्मा काढून डोळे पुसत होता. एवढी हजार माणसं, आणि एकाच्याही अंगात मला शिवी द्यायची धमक उरली नव्हती. मला त्यांची किळस आली. समोर, खेळपट्टीपलीकडे, बायकांच्या खुर्च्यांत पुढेच आक्का बसली होती. तीही चटणीला हसत होती.

तेव्हा माझं डोकं फिरलं. आमच्या घरात एक विषय कायमचा बंद होता, तोच मी माइकवर काढला.

"कुणालशेठच्या लग्नाची गोष्ट सांगतो. धवलारीण कोण, तर आमची आक्का. आवाज असा की खाडीपलीकडची कुत्री उठली. तिने गाऊन गावदेवीला बोलावलं, मग शेठच्या गेलेल्या पणज्याला बोलावलं, मग त्याच रांगेत शेठच्या आज्याला. राघोआज्याला! आणि राघोआजा मांडवात समोरच, मटणाचं ताट घेऊन बसलेला. जिवंत! स्वर्गातून आवताण आलं म्हणून बिचारा उठला आणि म्हणाला, 'येतंय, पन हात धुऊन येतंय.'"

याला मात्र कोणी आधी हसलं नाही. कोणी नंतरही हसलं नाही. सगळ्यांच्या माना आक्काकडे वळल्या. त्या चुकीनंतर कितीतरी घरांनी तिला लग्नात बोलवायचं सोडलं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं.

आक्का उठली. फलंदाज, गोलंदाज, अंपायर, सगळे जागच्या जागी उभे. ती खेळपट्टीवरून सरळ चालत आली, स्टेजवर चढली आणि माझ्या हातातून माइक हिसकावला.

"ए शान्या! हो, बोलावला मी राघोला. जित्या मानसाला बोलावला. मंग? मेला क तो? त्याच्या पुरं अकरा वर्सा जगला! नातवाचा तिसरा गोदाम बघून, कंटालून मेला! माझ्या तोंडी ज्याचा नाव चुकला ना, त्याला न्यायला वरून कोन येतच न्हाय. वरती वाटतं, हा तर कवाच आलाय."

ती थांबली. माझ्या टकलाकडे तिने एकदा नीट बघितलं.

"थांब तू. आज मी परत चुकतंय."

आणि तिने गायला सुरुवात केली. तोच खाडीपलीकडे जाणारा आवाज. गावदेवीला बोलावलं. माझ्या आज्याला बोलावलं. माझ्या बापाला बोलावलं. आणि त्यांच्या पाठोपाठ, सूर जराही न हलवता, मेलेल्यांच्या रांगेत माझं नाव घेतलं. मितेशला बोलावलं.

मृणालीने तोंडावर हात ठेवला. एक श्वास गेला. मग मला हसू फुटलं. ओठाची भेग उलली, मास्कला रक्त लागलं, तरी थांबेना. माझ्यानंतर तो स्टंपवाला फिल्डर हसला, मग अंपायर, मग सगळं मैदान पोट धरून. त्यात दया अजिबात नव्हती. त्या दिवसातलं पहिलं खरं हसू, आणि ते आक्काने नेलं होतं. मला तिचा भयंकर हेवा वाटला, आणि इतकं बरं वाटलं की मी शालीत तोंड खुपसून रडलो.

संध्याकाळी पडवीत ती निवटे घेऊन बसली होती. मी लांबूनच पाट टाकला.

"इतके दिवस खोटी कनाला हसत होतीस?"

"घाबरले होते रं," ती म्हणाली. "मना वाटला, न्हाय हसले आनि तू गेलास तर?"

"आणि आता?"

"आता कया जातंस तू? आवतान देऊन झालाय."

मी गुंठ्याचा विनोद पुन्हा पहिल्यापासून सांगितला. श्वास घेतला, शेवटचा शब्द जागेवर ठेवला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतला. सुरी थांबली नाही, मान वर झाली नाही.

"फालतू," आक्का म्हणाली.