लाल खारव्यातला घोडेस्वार

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. माझ्यात देव नाही, संत नाही, एकही चमत्कार नाही. आहे तो एक घोडेस्वार, एक मानी मुलगी, पुष्कळ गुरे आणि त्याहून पुष्कळ धूळ. तरीही माझ्या पहिल्या पानावर हळदीकुंकवाची बोटे उमटली आहेत. ती कशी उमटली आणि त्यापायी मी बुडता बुडता कशी राहिले, ते आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. त्या काळी शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक करून जुळवीत. शाईचा तो ओला वास मला अजून आठवतो. माझ्यातली गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेच्या पश्चिम मुलखातली. क्लारा नावाच्या मुलीचा बाप वारतो आणि हजारभर गुरांचा पसारा तिच्या एकटीच्या अंगावर पडतो. शेजारचा श्रीमंत जमीनदार तिच्या झऱ्यावर डोळा ठेवून असतो. अशात नेथन नावाचा एक अबोल गुराखी तिच्याकडे कामाला येतो. पुढे काय होत असेल, हे तुम्ही ओळखले असेलच. माझ्या मुखपृष्ठावर तांबड्या टेकड्या होत्या आणि उधळलेला घोडा होता. मी दुकानात मांडलेली असताना माणसे जाता जाता थबकत.

तिथून मी मेहकरच्या एका वाचनालयात आले. काय ते दिवस होते! कॉलेजच्या मुली मला भूगोलाच्या पुस्तकाखाली झाकून घरी नेत. एकीची परत करायची वेळ येण्याआधीच दुसरी येऊन मला मागून ठेवी. इतक्या हातांतून फिरल्यावर व्हायचे तेच झाले. मुखपृष्ठ फाटून गेले, नावाचे पान गेले, टाके उसवले. मग मला रहेमतुल्ला चाचांकडे बांधणीला पाठवले. त्यांनी कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली चिकट खळ शिजवली, माझी पाने नीट ठोकून सरळ केली आणि नवे टाके घातले. बाहेरून कापड लावताना मात्र ते थोडे अडले. पोथ्यांच्या बांधणीतून उरलेला लाल खारवा तेवढा त्यांच्याजवळ शिल्लक होता. "अभी यही ओढ ले बेटी," ते मला म्हणाले आणि त्यांनी मला लाल केले.

बांधणी मजबूत झाली, पण पाठीवर नाव राहिले नाही. बिननावाच्या पुस्तकाला कोण मागणार? वर्षामागून वर्षे मी कपाटात उभी राहिले. पुढे वाचनालयाने जुनी पुस्तके वाटून टाकली, तेव्हा जानेफळच्या दीपकने आईसाठी म्हणून थैलीभर पोथ्या उचलल्या. लाल दिसले ते सगळे त्याने थैलीत घातले. अशी मी अन्नपूर्णाबाईंच्या देवघराच्या फळीवर जाऊन बसले.

अन्नपूर्णाबाई म्हणजे आळीतल्या पोथी वाचणाऱ्या बाई. आवाज खणखणीत, पाठांतर दांडगे. पण कथा-कादंबरीचे नाव काढले की त्या नाक मुरडत. "जे कधी घडलंच नाई, ते वाचून काय कराचं?" असे त्यांचे म्हणणे. हे मी फळीवरून कितीदा तरी ऐकले होते. म्हणून गप्प बसत होते.

मग धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्याला इकडे हेच नाव आहे. या महिन्यात दुपारी बाया जमवून पोथी लावायची, हा अन्नपूर्णाबाईंचा जुना नेम. पहिल्या दिवशी ओसरीवर चौरंग मांडायचे काम त्यांच्या नव्या सुनेकडे, पुष्पांजलीकडे होते. तिने घाईघाईत फळीवरचे लाल पुस्तक काढले आणि चौरंगावर ठेवले.

ते पुस्तक मी होते.

अन्नपूर्णाबाईंनी हळदीकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले, संकल्पाचे पाणी सोडले. सुरुवातीचे नमन त्यांना पाठ होते. ते त्यांनी डोळे मिटून म्हटले. मग डोळे उघडून, चष्मा सावरून, पोथीच्याच चालीवर त्या वाचू लागल्या, "धुळीचा लोट उठवीत एक घोडेस्वार टेकडी उतरून खाली आला. त्याच्या कमरेला बंदूक लटकत होती..."

बाया हात जोडून ऐकत होत्या. एकदोघींनी माना डोलावल्या. शेवटी महामाया आजींनी विचारले, "हे कोनते महाराज वं अन्नपूर्णे, बंदूकवाले?"

महामाया आजी आळीतल्या सर्वांत वयस्क. त्यांना अक्षर येत नसे, पण रीतभातीत त्यांचा शब्द शेवटचा.

अन्नपूर्णाबाईंनी चार पाने उलटली आणि त्यांचा चेहरा पडला. "माय वं! हे तं पोथीच नाई!"

"आई, लाल दिसलं म्हनून मी..." पुष्पांजली कानकोंडी झाली.

शेजारच्या ओसरीवर सरवरीचे शिलाई मशीन चाले. ती तिथूनच हसत म्हणाली, "काकू, मले वाटलं देवच आता घोड्यावरून फिरून राह्यले!"

सगळ्या खो-खो हसल्या. अन्नपूर्णाबाई मात्र रागाने मला मिटू लागल्या. तेवढ्यात महामाया आजींनी हात वर केला.

"थांब. कुंकू लागलं?"

"लागलं."

"पानी सोडलं?"

"सोडलं."

"मंग मिटता येत नाई. लावलेली पोथी अर्धी सोडाची नाई, हे तूच आमाले सांगत असते ना?"

"पन आजी, हे प्रेमाबिमाचं दिसते!"

"दिसू दे. तुही पोथी तू सकाळी वाच. दुपारी हे वाचून मोकळी हो. अमावस्येले समाप्ती कर. कुंकू लागलेलं पुस्तक रद्दीत देता येत नाई अन् देवाजवळ ठेवाले हे देवाचं नाई. समाप्ती झाली का दीपक नेईन मेहकरले अन् देईन पैनगंगेत सोडून."

मित्रांनो, माझी अवस्था काय झाली असेल, विचार करा. कितीतरी वर्षांनी मला कोणी तरी वाचणार होते, तेही फूल वाहून. आणि उलटलेल्या प्रत्येक पानागणिक मी नदीच्या जवळ जाणार होते.

पहिले काही दिवस अन्नपूर्णाबाईंनी मला शिक्षा भोगल्यासारखे वाचले. एका सुरात, एका दमात. अध्याय संपला की बायांचे हात सवयीने जोडले जात. पण जयजयकार कुणाचा करायचा, ते कळेना. "त्या घोड्याचा करा," सरवरी म्हणाली. "सकाळपासून तोच बिचारा राबून राह्यला." तेव्हापासून रोज घोड्याचा जयजयकार होऊ लागला.

शंकाही फार निघत. "हजार गायी अन् एक बी जन दूध काढत नाई?" महामाया आजींना हे काही केल्या पटेना. "अन् हा नेथन बिनादुधाची काळी कॉफी पिऊन राह्यला! त्या पोरीले घरी कोनी शिकवलं नाई का?"

मग तो झऱ्याचा प्रसंग आला. जमीनदार आपली माणसे घेऊन येतो. क्लारा एकटी बापाची बंदूक घेऊन पाण्यापाशी उभी राहते आणि म्हणते, "तहान लागली असेल तर मागून घ्या. पण झरा माझा आहे." हे वाचताना अन्नपूर्णाबाईंची पोथीची चाल कधी सुटली, ते त्यांनाही कळले नाही. त्या ताठ बसल्या. आवाज खाली आला, हळू झाला, धारदार झाला. मशीन थांबले. सरवरी हातातला झंपर तसाच घेऊन या ओसरीवर येऊन बसली.

"वाचा ना काकू! काऊन थांबल्या?"

"अवं, दम तं घेऊ दे. तिनं बी घेतला असंन." एवढे बोलून त्यांनी पान उलटले.

त्या दिवसापासून सगळे पालटले. जेवताना अन्नपूर्णाबाईंचा घास हातातच राही. "पूर लई आहे. कसा येते आता तो?" त्या स्वतःशी पुटपुटत.

"कोन, आई?" दीपकने विचारले.

"आहे एक."

दीपक बायकोकडे पाहत राही आणि पुष्पांजली पदराने तोंड दाबून हसे. दुपारी बाया यायच्या आधी अन्नपूर्णाबाई मला चुलीपाशी घेऊन बसत आणि पुढची दोन पाने चोरून वाचत. पुरात नेथनचा हात सुटतो तिथे त्या "अरे देवा!" म्हणून एवढ्या मोठ्याने ओरडल्या की वरण उतू गेल्याचेही त्यांना कळले नाही. मला वाचून कुणी भाजी करपवली, कुणी वरण सांडले, असे पूर्वीही होत असे. किती वर्षांनी माझ्या पानांना पुन्हा फोडणीचा वास लागला होता!

एकदा नेथन क्लाराला जवळ घेतो, ते पान आले. अन्नपूर्णाबाई खाकरल्या. "मंग... मंग ते दोघं बोलले अन् आपापल्या घरी गेले."

"खोटं!" सरवरी म्हणाली. "पान तं अजून भरलेलं आहे."

"माह्या चष्म्यावर वाफ आली."

"मंग सुनेले दे," महामाया आजींनी फर्मावले. पुष्पांजलीने लाजत, अडखळत, पण एकही शब्द न गाळता ते पान वाचले. वाचून झाल्यावर महामाया आजी एवढेच म्हणाल्या, "चांगला पोरगा आहे. आधी विचारलं त्यानं."

अमावस्या जवळ येऊ लागली तशा अन्नपूर्णाबाई हळू वाचू लागल्या. घसा बसला म्हणत. उजेड कमी आहे म्हणत. झालेला अध्यायच पुन्हा वाचत. मला ठाऊक होते त्या असे का करतात. मिटताना त्यांचा तळवा माझ्या पाठीवर जरा जास्त वेळ राही. एकदा त्या भीतभीत म्हणाल्याही, "आजी, नदीचं जाऊ द्या ना. ठेवून घेतो मी."

"रीत म्हंजे रीत," महामाया आजी म्हणाल्या. पण बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

शेवटी समाप्तीचा दिवस उजाडला. पुष्कळ पाने उरली होती आणि ती त्याच दिवशी संपवायची होती. बाया जेवणे आटोपून लवकर आल्या. कुणी शिरा आणला, कुणी अनारसे. अन्नपूर्णाबाई वाचत होत्या, थकल्या की पुष्पांजली वाचत होती. जमीनदार हरला. नेथन बरा होऊन परत आला. त्याने क्लाराला आपल्या गावी चल म्हटले नाही. "तू ही जमीन सोडू नकोस. मीच इथे राहतो," तो म्हणाला.

"घरजावई!" सरवरी ओरडली आणि ओसरीभर टाळ्या पडल्या.

महामाया आजींनी पदराने डोळे टिपले. मग अनारशांचे ताट पुढे ओढले. आमच्याकडे धोंड्याच्या महिन्यात जावयाला घरी बोलावून अनारसे खाऊ घालतात. त्याला वाण देतात, त्याचा मान करतात. "क्लाराले माय नाई, बाप नाई," त्या म्हणाल्या. "तिच्या नवऱ्याचा धोंडा कोन करीन?" आणि त्यांनी एका वाटीत अनारसे घालून ती वाटी चौरंगावर माझ्यासमोर ठेवली. कुणीही हसले नाही. अन्नपूर्णाबाईंनी शेवटचे पान वाचले. घोड्याचा शेवटचा जयजयकार झाला आणि मी मिटले गेले.

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. दीपक थैली घेऊन आत आला. "झालं का? आना ते पुस्तक. मेहकरले जाऊन येतो."

अन्नपूर्णाबाईंनी मला दोन्ही हातांनी उचलले, पण पुढे केले नाही.

"कशाले आला बे?" महामाया आजींनी विचारले.

"आजी, तुमीच तं सांगतलं होतं. नदीत सोडाचं म्हनून."

"कोनाले? याले?" आजींचा आवाज चढला. "धोंड्याच्या महिन्यात जावयाले अनारसे चारले आमी. अन् आता त्यालेच पान्यात लोटू? जगाच्या पाठीवर कुठं असं करते का कोनी? जा, चाय पी अन् गप बस!"

दीपक थैली हातात धरून उभाच राहिला. त्याला काही म्हणजे काही कळले नाही. बाया मात्र एवढ्या हसल्या की शेजारची माणसे काय झाले म्हणून बघायला आली. अन्नपूर्णाबाई हसत होत्या आणि रडतही होत्या. त्यांनी मला छातीशी धरले होते. माझ्या लाल खारव्याला त्यांच्या डोळ्यांतले पाणी लागले. मित्रांनो, माझ्या वाट्याला तेवढेच पाणी आले.

आता मी पोथ्यांच्या फळीवर नाही. मला वेगळा कोनाडा मिळाला आहे. अन्नपूर्णाबाई सकाळी पोथी वाचतात आणि दुपारी दीपकला मेहकरहून "तसलंच आनखी एखादं" आणायला पिटाळतात. मला वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला ठेवतात, पावसाळा संपला की ऊन दाखवतात. म्हातारपणी एवढी माया फार कमी पुस्तकांना मिळते.

तुमच्या घरातही कुठे तरी एखादे पुस्तक तुमची वाट पाहत असेल. त्याची पाने दुमडू नका, त्याला ओल लागू देऊ नका. आणि ते आपल्या आवडीचे नाही असे वाटले, तरी लगेच खाली ठेवू नका. थोडे पुढे वाचा. ज्यांना तुम्ही कधी पाहिले नाही, ज्यांचे गाव तुम्हाला ठाऊक नाही, अशी माणसे हळूहळू तुमच्या ओसरीवर येऊन बसतील. त्यांना बसू द्या. कोण जाणे, जाताना ती तुमच्या घरचीच होऊन जातील.