पानाबाहेर निघालेली पावलं

माझी लेक शीतल उद्या नोकरीसाठी धुळ्याला निघणार. तिच्यासाठी मी चित्रवही सजवत होते. डाव्या पानावर केळीच्या दांड्याचे जाळीदार ठसे उठवले, त्यावर लक्ष्मीच्या पावलांचा स्टेन्सिल ठेवून जाड पेस्ट फिरवली. उचलून पाहते तर पावलं पानाबाहेर चाललेली! खरवडायला सुरी शोधून आणली, पण तोवर पेस्ट कडक वाळलेली. माझं चित्त काही थाऱ्यावर राहीना.

"आई, शुक्रवारचा उपास आहे, फराळ तरी कर," शीतल म्हणाली.

"घरातली लक्ष्मी बाहेर निघाली, आणि मी फराळ करू?"

"अगं, ती समोरच्या पानावर जातेय. तिथं दार काढ की!"

मी उजव्या पानावर उंबरठा काढला, वर धुळे लिहिलं. मग साबुदाण्याची वाटी ओढली. नजर मात्र पावलं जिथून निघाली त्या डाव्या पानावरून हलेना.